शाकिरच्या ओळी

शेगावात स्टेशनच्या रस्त्याला, एका लॉजच्या वरच्या मजल्यावर गणिताची पुस्तकं छपाईसाठी जुळवायचं काम चालायचं. सुहासिनी आणि शाकिर तिथं कित्येक वर्षं शेजारी बसले. काम संगणकाला समजणाऱ्या खुणांच्या भाषेतलं. अपूर्णांक, वर्गमूळ, मथळा, प्रत्येकाला ठरलेली खूण लिहायची. मग संगणक त्यातून देखणं पान घडवायचा. शाकिरची तऱ्हा निराळी होती. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, बरोबरीची चिन्हं एकाखाली एक, आणि मधूनच टक्क्याच्या चिन्हामागं एखादा निरोप. त्या चिन्हामागचं, ओळ संपेपर्यंतचं, काही छापलं जात नाही, म्हणून तो बिनधास्त लिहायचा : ‘ताई, हे समीकरण रेघेबाहेर चाललं, पाहजा.’

एका सकाळी खामगावहून येताना त्याची मोटरसायकल घसरली आणि तो जागीच गेला. सुहासिनी त्याच्या बायकोजवळ, हीनाजवळ, बसून आली. दुसऱ्या दिवशी कामावर आली. रडू काही आलं नाही.

त्याचं अर्धवट राहिलेलं भूमितीचं पुस्तक तिच्याकडं आलं. पाठोपाठ वरून हुकूम आला, सगळ्या फायली नव्या फॉर्मॅटरमधून काढा. हा प्रोग्राम कुणाचंही लिखाण एका साच्यात बसवायचा, समास सारखे करायचा, तोकड्या ओळी जोडून टाकायचा.

“छापलेलं पान तेच राहते,” मॅनेजर वामनराव म्हणाले. “फक्त आतून सगळ्यायचं एकसारखं.”

पण पहिलं प्रकरण त्यातून काढलं, तर पान तेच राहिलं नाही. एका सिद्धतेचं शेवटचं वाक्यच गायब झालं. सुहासिनीनं शोधून काढलं. ओळी जोडताना पुढचं वाक्य शाकिरच्या निरोपाला चिकटून टक्क्याच्या आड गेलं होतं.

“मग त्या टिपा काढून टाका न आधी,” वामनराव म्हणाले. “ अन् जुनी फाईल ठेवू नका, घोटाळा होते.”

“बरं,” ती म्हणाली.

ती एकेक निरोप काढत गेली. ‘ताई, आकृतीतला क बिंदू सरकला.’ पुसलं. ‘ताई, चहा सांगून राह्यलो.’ पुसलं. बोट दुसऱ्याच कुणाचं असावं तसं कळफलकावर पडत होतं. फॉर्मॅटर पुन्हा चालवला. आता पान बरोबर आलं. त्या प्रकरणाची जुनी फाईल तिनं काढून टाकली. एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, हे तिच्या मनातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात हीना त्याचा डबा आणि चष्मा न्यायला आली. जाता जाता थबकली.

“ताई, मले त्यायचं काम एकडाव दाखवता? घरी सांगत, माहं लिहिलेलं दुरून वळखू येते म्हणून.”

सुहासिनीनं फाईल उघडली. सगळ्या ओळी सारख्या, एकाच लांबीच्या. हीना वाकून पाहत राहिली.

“यातलं त्यायचं कोनतं?”

“सगळं त्यायचंच आहे,” सुहासिनी म्हणाली. ते खोटं नव्हतं.

“साजरं आहे.” हीनानं पडद्याला हात लावला. मग म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी रडल्या नाही.”

“येऊनच नाही राह्यलं वं, हीना. काऊन, ते मलेच समजत नाही.”

“मलेही नाही,” हीना म्हणाली आणि शाकिरच्या खुर्चीत बसली.

खाली कुणीतरी प्रवासी खोलीचा भाव विचारत होता. थोड्या वेळानं सुहासिनीनं पुढचं, अजून शाकिरच्याच ओळींतलं प्रकरण उघडलं आणि त्यातले निरोप शोधून पुसायला लागली. हीना पाहत होती, तरी तिचा हात थांबला नाही.