मागच्या चाकांवरचं वजन

महाडात गाडी घ्यायची म्हटलं की लोक आधी तिची उंची विचारतात. पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरतं, वर घाटात दरडीचे दगड रस्त्यावर येऊन पडलेले असतात, तेव्हा गाडी उंचच हवी, असं सगळ्यांचं ठरलेलं. मी सेडान म्हटल्यावर कंपनीतल्या लोकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. पण मला सेडानच हवी होती, तीही जोराची, जमिनीला धरून पळणारी. हा नाद मला दादाने लावला. गाडी चालवायला त्यानेच शिकवलं, आणि शिकवताना इतकं बोलायचा की मला क्लचपेक्षा त्याचाच जास्त राग यायचा.

गेलं वर्षभर मी तुलनाच करत होते. एक टर्बो सेडान होती, तिची ताकद पुढच्या चाकांना. दुसरी थोडी वापरलेली पण झकास, तिची ताकद मागच्या चाकांना. तिसरी चारही चाकांना ताकद देणारी होती, पण तिची किंमत ऐकून मीच जागेवर थांबले. राहिल्या दोन. पुढची चाकं गाडीला ओढून नेतात, मागची ढकलतात. वाचायला एवढंसं वाटतं, पण वळणावर बसलात की पोटात कळतं.

आईला यातलं काही सांगायला गेलं की ती एकच म्हणायची, "तू कुठली पन घे गो. पन जुनी देयच्या आधी त्याला घरी सोड."

'तो' म्हणजे दादा. तो घाटात धुक्यात बाईक घसरून गेला. आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. आमच्याकडे कुणी रस्त्यात गेलं तर त्याला घरी आणावं लागतं. देह आणून भागत नाही. ज्या वळणावर माणूस गेला तिथे घरातल्याने लाल फडक्यात नारळ घेऊन जायचं, नात्याने हाक मारायची, चल घरी म्हणायचं आणि मागे न बघता परत फिरायचं. नारळाला गाडीत माणसासारखी जागा द्यायची. आणि दारात येईपर्यंत गाडी कुठेही थांबवायची नाही. थांबली तर आत बसलेल्याला कळत नाही, कुठे उतरायचं ते.

काकांनी दादाला आणलं त्याच्याच गाडीतून. ती पुढच्या चाकांची जुनी सेडान. मागे डाव्या बाजूला नारळ, उजव्या बाजूला मी, मध्ये अंग चोरून आई, पुढे भाऊबंदातले एक. वाडीच्या खालची शेवटची चढण तेव्हा उखडलेली होती, वर बारीक खडी. निम्म्यावर गाडीने मान टाकली. पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरत राहिली, रबराचा वास आला आणि गाडी थांबली. सगळे उतरलो. काकांनी नारळ उचलला, चालत घरी नेला, पुढचे विधी रीतसर झाले.

आईला ते कधीच पटलं नाही. "गाडी असताना तो कधी चालला हाय का?" ती म्हणाली. "तो उतरलाच नाय."

मग ती गाडी मी महाडला वापरायला घेतली, आणि आईही माझ्याकडे महाडलाच येऊन राहिली. वाडीतल्या घराला कुलूप लागलं. दुपारी जेवण झालं की ती खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीच्या डाव्या बाजूला पायरीवर बसायची. सर्वपित्रीला दादाचं पान वाडीतल्या कौलांवर ठेवलं तर कावळा फिरकायचा नाही. एका वर्षी आईने हट्टाने ते पान गाडीच्या टपावर ठेवलं. ती हात धुऊन येते तोवर कावळा घास घेऊन गेला. सोसायटीतल्या बायका त्यानंतर आपल्या मुलांना आमच्या गाडीजवळ खेळू देईनात.

मी विज्ञान शिकलेली बाई, रसायनांच्या कंपनीत नोकरी करते, मी असल्या गोष्टी मानत नाही. पण गाडी मागे डावीकडे किंचित बसायची. मेकॅनिकने दोन्ही शॉकअप बदलले. नव्या शॉकअपवरही ती डावीकडेच बसली. पावसाळ्यात बाकीच्या काचा स्वच्छ असताना मागची डावी काच आतून धुरकट व्हायची, कुणी तोंड लावून श्वास सोडावा तशी. मी पुसायचे, पोलादपूरला पोचेपर्यंत पुन्हा तेच. कामावर जाताना मी दादाशी बोलायचे, हेही सांगून टाकते. तिसरा गिअर लवकर टाकला का रे, समोरचा टेम्पोवाला बघ कसा चालवतोय, असलं काहीबाही. उत्तर कधी आलं नाही. तरी आरशात डावीकडच्या सीटकडे बघायचं मी टाळायचे.

जुनी गाडी देऊन नवी घ्यायची होती. म्हणजे जुनी कुणा अनोळखी माणसाकडे जाणार. आईचा जीव त्यातच अडकला होता. "कुनाच्या पन गाडीत बसून कुठं फिरंल तो?" ती विचारायची आणि रडायची. गणपती गेले होते, पितृपक्ष तोंडावर आला होता.

टर्बो मी सव गावच्या रस्त्याला चालवून पाहिली. सुंदर गाडी, सपाटीवर बाणासारखी. मागच्या चाकांची दुसरी दाखवायला त्याच शोरूमचे एक मध्यमवयीन गृहस्थ आमच्या पार्किंगमध्ये आले. बोलता बोलता ते म्हणाले, "मॅडम, चढावर गाडीचं वजन मागे सरकतं. पुढची चाकं हलकी होतात, म्हणून फ्रंट व्हील खडीवर फिरते. हिचं उलट आहे. मागे माणूस बसला की ही जास्त घट्ट चढते."

हे सगळं मला पाठ होतं. वर्षभर तेच तर वाचत होते. पण त्या क्षणी मला वाडीखालची ती चढण आठवली. त्या दिवशी मागे आम्ही दोघी होतो, आणि तो होता. आमच्याच भाराने पुढची चाकं हलकी केली होती. या गाडीत तोच भार चाकांना दाबून धरणार होता.

आई पायरीवर बसून ऐकत होती. ती उठली. "मग हिच्यातनंच नेऊ त्याला," ती म्हणाली.

गृहस्थांना वाटलं कुणी आजारी माणूस आहे. मी म्हटलं, टेस्ट ड्राइव्ह आमच्या वाडीपर्यंत घेऊ, चढण बघायचीय. ते खुशीत मागे बसायला निघाले, तर आईने दार धरलं. "तितं नको भाऊ, तुमी पुढं बसा." मग तिने जुन्या गाडीचं मागचं डावं दार उघडलं. दोन्ही गाड्यांमध्ये हातभर जागा होती. घरातून आणलेला लाल फडक्यातला नारळ तिने जुन्या सीटवर ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "चल रे बाला. तुला आवडंल अशी हाय." नारळ उचलून नव्या गाडीत ठेवला, स्वतः पलीकडून येऊन उजवीकडे बसली.

मी गाडी चालू केली आणि टिंग टिंग आवाज सुरू झाला. समोरच्या पडद्यावर मागच्या डाव्या सीटचं चित्र लाल झालं. पट्टा लावला नाही, अशी खूण.

"नारळामुळे असेल," मी म्हटलं.

"एवढ्या वजनाला वाजत नाही," गृहस्थ म्हणाले. "सेन्सर नाजूक झाला असावा."

आईने नारळ मांडीवर घेतला. आवाज चालूच राहिला. मग तिने रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. आवाज थांबला. गृहस्थ त्यानंतर समोरच बघत राहिले.

हायवेला फारसं कुणी नव्हतं. पोलादपूरला त्यांनी चहाचं विचारलं, आई मागून "नाय!" म्हणून ओरडली. पुढे रस्त्यात म्हशी आडव्या आल्या. मी ब्रेकवर पाय अलगद धरून गाडी गोगलगायीसारखी सरकवत राहिले, थांबू दिली नाही. कापडे गाव मागे पडलं तसे धुक्यात शिरलो. आई डावीकडे वळून त्याला बारीक आवाजात सांगत होती, कुणाची भातं कापणीला आलीत, कुणाचं घर नवं झालं. मध्येच थांबायची, ऐकल्यासारखं करायची आणि हसायची.

ती चढण पुन्हा उखडलेली होती. वरून पाणी वाहत होतं. मी वेग ठेवून गाडी घातली. खडी उडाली, मागचं एक चाक जरा सटकलं, आणि मग मागून कुणीतरी खाली दाबावं तशी गाडी जमिनीला बसली. एकदाही न अडखळता वर आली. दारासमोर मी गाडी थांबवली.

आई उतरली. धुक्यात फिरून डाव्या बाजूला आली, दार उघडलं, पट्टा सोडवला. तो सर्रकन आत जाईना. सावकाश, थांबत थांबत गेला, आतला माणूस हळूच बाजूला होत असावा तसा. "उतर रे. घर आलं," आई म्हणाली. तिने कुलूप काढलं आणि दार आत ढकलून बाजूला उभी राहिली, दुसऱ्याला आधी जाऊ देतो तशी. मग मला म्हणाली, "तू जा गो. मी हितंच राहते आता."

चढण उतरताना मागचा पट्टा मोकळा होता, तरी सेन्सर वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुनी गाडी घेऊन कामावर निघाले. ती चारही बाजूंनी सपाट उभी होती. मागची डावी काच लख्ख. हायवेला लागल्यावर सवयीने म्हटलं, "बघ रे, आज धुकं कमी आहे." आणि पहिल्यांदाच आरशात नीट पाहिलं. रिकामी सीट होती, वर जुनं कव्हर. मी गाडी कडेला घेतली आणि मोठ्याने रडले. तो गेला तेव्हाही इतकं रडले नव्हते. इतकी वर्षं मी आईला वेडी समजत होते, आणि रोज सोबत मात्र मलाच होती.

सर्वपित्रीला आईचा वाडीवरून फोन आला. पान कौलांवर ठेवलं आणि हात काढायच्या आत कावळा शिवला, म्हणाली. तिचा आवाज कितीतरी वर्षांनी तरुण वाटला. मला बरं वाटलं, खरंच वाटलं.

संध्याकाळी शोरूमच्या गृहस्थांनी विचारलं, "मग मॅडम, ती मागच्या चाकांची नक्की करू ना? चढण तर मस्त चढली."

"नको," मी म्हटलं. "पुढच्या चाकांची द्या. मागे बसायला आता कुणी नाही."