लॉकरची चावी आणि तांब्याचं पाणी

अधारतालच्या पुढे आमचा छोटा कारखाना होता. पितळेच्या भट्ट्यांची राख यायची, ती आम्ही तेजाबात मुरवायचो आणि त्या निळ्या पाण्यातून तांबं काढायचो. पद्धत साधी. पाण्यात लोखंडाचं भंगार टाकायचं. लोखंड विरघळत जातं, त्याच्या जागी तांबं चढत जातं. शेवटी पाण्यात तांबं उरलंय का, हे बघणं माझं काम. लोखंडाचा तुकडा बुडवायचा, लाल झाला तर अजून थांबायचं.

आता दर वेळी तुकडा शोधत कोण फिरतं? खिशात चाव्यांचा जुडगा होताच. स्कूटरच्या चकचकीत चावीवर काही चढेना. घरच्या कपाटातल्या लॉकरची जुनी चावी मात्र निव्वळ लोखंडाची. बुडवली, लाल झाली, पँटला पुसली, खिशात टाकली. दिवसातून चारदा, वर्षभर. ही चावी माझ्याकडे काहून, तर बायको वस्तू हरवते, असं मी अख्ख्या मदन महल मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं.

त्याच बायकोनं चाळिशीत सरकारी नोकरीची परीक्षा दिली आणि पास झाली. कागद तपासणीच्या दिवशी अकरा वाजता ओमतीजवळच्या ऑफिसात मूळ कागद दाखवायचे, नाहीतर नाव कटणार. कागद लॉकरमध्ये. मी ऐटीत चावी लावली. ती आत गोल गोल फिरली, लॉकर ढिम्म. बाहेर काढली तर दातच नाहीत, नुसती काडी.

"काहून हो, ही अशी कशी झिजली?"

मी खरं ते सांगून टाकलं. घाईत खोटं सुचलंच नाही.

ती चिडली नाही, त्यानं मी जास्त घाबरलो. म्हणाली, "राखेतून तांबं काढता ना जी तुम्ही? चलो, आता लॉकरमधून माझे कागद काढा."

कपाट फिरवून मागचा पत्रा छिन्नीनं फाडला. बोटं सोलून निघाली. पावणेअकराला कागद हातात आले. स्कूटरवर ती फाईल पोटाशी धरून बसली. तिचं नाव कटलं असतं तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं. अकराला दोन मिनिटं कमी असताना ती आत गेली.

ती रुजू झाली त्या दिवशी मी कारखान्यात डबा उघडला. वरच्या पुडात पोळी-भाजी होती, खालच्या पुडात पाव किलो खिळे. जुडगा चाचपला, तर त्यात फक्त स्कूटरची चावी उरली होती.