रद्द यादीतली चावी

शहाद्याला घरी बसून मी जे काम करतो ते आमच्या भाऊबंदांत आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही. "कम्प्युटरले कुलूप लावस," असं वडील लोकांना सांगतात, आणि ते फार चुकीचंही नाही. आमची कंपनी लहान दवाखान्यांसाठी डिजिटल एक्स-रे यंत्रं बनवते. यंत्रात संगणक असतो आणि त्याच्या सगळ्या कारभाराच्या मुळाशी कर्नल नावाचा मूळ प्रोग्राम. एक्स-रेचं चित्र टिपणाऱ्या प्लेटशी बोलणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कर्नल सही पाहिल्याशिवाय आत घेत नाही. कुणाची सही चालेल याची यादी त्याच्या पोटातच असते. ती यादी सांभाळणं हे माझं काम.

सही ज्या फाईलने होते तिला आम्ही चावी म्हणतो. यादीत नवी चावी घालायची तर आधीच्या एखाद्या विश्वासू चावीने तिची हमी घ्यावी लागते. शिवाय एक रद्द यादी असते. तिच्यात चावी गेली की गेलीच, कारण कर्नल तिथे फक्त घालू देतो, काढू देत नाही. मला हा नियम फार आवडायचा. माणसांत तो नसतो म्हणून सगळे घोळ होतात, असं मी कंपनीतल्या साहेबांना एकदा ऐकवलंही होतं. दुसऱ्याला शहाणपण सांगायला काय जातं!

लोणखेड्याच्या कॉलेजात माझ्या बाकावर बसणारा मित्र खापर गावात कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. अक्कलकुवा-धडगाव भागातल्या आमच्या यंत्रांची देखभाल त्याच्याकडे होती आणि त्याच कामावर त्याचं घर चालायचं. तिकडे जुन्या प्लेटा कुरकुर करत. मग तो ड्रायव्हरमध्ये बारीक दुरुस्ती करून मला पाठवायचा, मी सही करून परत द्यायचो. एकदा मला चार दिवस सुरतेला लग्नाला जायचं होतं. आमच्याकडे गावाला जाताना घराची चावी शेजारी देऊन जातात, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. मीही तशीच सहीची चावी पेन ड्राइव्हवर घालून त्याच्या हातात दिली. हे नियमात बसत नाही हे मला पक्कं माहीत होतं, कारण नियम मीच लिहिले होते.

परत आल्यावर मी ड्राइव्ह मागितला, त्याने दिला, विषय संपला. दोन महिन्यांनी गुजरातेतल्या एका दवाखान्यात आमचं यंत्र भलत्याच कंपनीच्या स्वस्त प्लेटवर चालताना कंपनीला सापडलं. ड्रायव्हरवर सही माझ्या चावीची. मी खापरला फोन लावला.

"मी साडूले कॉपी करी दिन्ही व्हती," तो म्हणाला. "त्याले भी हाईच काम शे. तो काय परका शे का?"

त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. आमच्याकडे 'आपला माणूस' म्हटलं की चौकशी संपते. मी त्याची चौकशी केली नव्हती, त्याने साडूची केली नाही, आणि साडूने पुढे कुणाकुणाला दिली ते देव जाणे. चावी रद्द यादीत घालणं भाग होतं.

"दोन-चार महिनाम्हा काढी टाकशी ना?" त्याने विचारलं.

"ती निंघत नही," मी म्हणालो.

आता रद्द यादी यंत्रांवर पोचली की जुन्या सहीचे सगळे ड्रायव्हर बंद पडणार, म्हणजे एक्स-रे बंद. त्याआधी प्रत्येक यंत्रात नव्या सहीचा ड्रायव्हर बसायला हवा होता, आणि डोंगरात नेटचा भरवसा नाही. मी नवी चावी केली, सगळ्या ड्रायव्हरांवर नव्याने सह्या केल्या. ते घेऊन तो आठ दिवस मोटारसायकलवर मोलगी, धडगाव करत फिरला. एका दवाखान्यात पोचायला त्याला उशीर झाला आणि मनगट मोडलेल्या एका बाईला जीपमधून खाली पाठवावं लागलं. बाकी सगळी यंत्रं त्याने वेळेत सांभाळली.

त्याच आठ दिवसांत कंपनीने मला लेखी विचारलं, चावी बाहेर गेली कशी. सकाळी चहा घेऊन बसलो, ते दुपारपर्यंत तीन ओळी झाल्या. देखभाल करणारा माणूस कामानिमित्त माझ्या घरी येत असे. चावीची प्रत त्याच्याकडे होती. ती त्याने नातेवाइकाला दिली. तिन्ही ओळी खऱ्या होत्या. 'मीच दिली' एवढं लिहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि शहाद्यात बसून अशी नोकरी दुसरी मिळत नाही. मी घाबरलो. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. कंपनीने त्याचं काम काढून घेतलं.

शेवटचं यंत्र चालू करून तो सरळ माझ्याकडे आला. काम गेल्याचं पत्र त्याला वाटेतच मोबाइलवर मिळालं होतं. आईने त्याला जेवायला बसवलं. तो कमी बोलला, पण भाकरी त्याने नेहमीइतक्याच खाल्ल्या. साडूच्या बाजूच्या कुणीतरी कंपनीला आपलं नाव सांगितलं असणार, असा अंदाज त्याने स्वतःच बांधला होता. मी तो खोडला नाही.

हात धुताना तो म्हणाला, "बरं जयं, तुन्हं नाव कोठेच नही उनं. तू दिन्ही व्हती, हाई मी कोनलेच सांगाव नही."

मी त्याला टॉवेल दिला आणि बरं म्हणालो.