रांजणाला गुंडाळलेला गालिचा

त्या वर्षी उसाला पाणी नव्हतं, म्हणून कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. हंगामी कारकुनांना घरी पाठवलं. मीही हंगामीच होतो, पण मला ठेवून घेतलं. कारण होतं चेअरमनसाहेबांची जुनी गाडी.

ती साहेबांच्या वडिलांनी हैदराबादहून आणलेली. विलायती, शर्यतीच्या घाटाची, दोनच माणसांची, टप उघडणारी. त्यांच्या मळ्यातल्या शेडमध्ये कित्येक वर्षं कडब्याआड उभी होती. वडिलांच्या वेळी होती तशी ती करून पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायची, असं साहेबांच्या मनात आलं. तिथले तपासणारे गालिचासुद्धा उचलून बघतात म्हणे. गाडीचं पुस्तक इंग्रजीत होतं, आणि ऑफिसात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला मी एकटाच.

माझे वडील परळीच्या स्टेशनात हमाली करायचे. मी कारखान्याच्याच वसतिगृहात राहून शिकलो. तिथली भाकरी साहेबांच्या सहीनं मिळायची. त्यामुळे “गाडी झाली की तुझ्या कायमच्या ऑर्डरचं बघू,” असं ते म्हणाले तेव्हा मला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यासमोर चुकायचं, या विचारानं माझं जेवण कमी झालं.

इंजिन आणि चाकं मिस्त्रींकडे होती. गाद्या, टप आणि पायाखालचा गालिचा माझ्याकडे. त्यातल्या गालिच्यानंच माझा घात केला.

मिस्त्री परळीचे, वयानं वडिलांएवढे. ते म्हणाले, “लाल कार्पेट मारू बे. ट्रॅव्हल्समधी असतंय तसलं. लई झ्याक दिसतंय.”

“पुस्तकात तसं नाही, मिस्त्री.”

“मग काय हाय पुस्तकात?”

पुस्तकात एकच ओळ होती : आतल्या रंगाला शोभेल असा गालिचा. रंग कोणता, लोकरीचा की काथ्याचा, काही नाही.

“बीए झालास अन् सतरंजीचा रंग सांगता येईना,” मिस्त्री हसले. “आमी सातवी नापास. आमी सांगितला ना, लाल.”

गाडीच्या तळावर सगळ्यात वर जाड रबर होतं. ते मागाहून कुणीतरी टाकलेलं, हे मलाही कळलं. रबराखाली कडक झालेलं, काळपट तपकिरी अंथरूण, उंदरांनी कडा कुरतडलेल्या. त्याच्याही खाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या अस्तराचा, भुगा. मी साहेबांना ‘मूळ गालिचा तपकिरी’ असं लेखी दिलं आणि त्यांनी त्यावर सही केली. मग पुण्यातल्या एका जाणकारांना पत्र टाकून, गालिचा कसला घ्यावा ते विचारलं. उत्तर येईपर्यंत बसून काय करायचं, म्हणून दारांपाशी गालिच्याची कड दाबणाऱ्या पट्ट्या काढल्या, चाकूनं तळ खरवडला आणि ते अंथरूण शेडबाहेर नेऊन टाकलं.

शेडच्या पलीकडे माळावर सोसायटीनं चालवलेली जनावरांची छावणी होती. तिथं माणसांना पाणी द्यायला एक मावशी असायच्या. टँकरचं पाणी त्या रांजणांत भरत. आमच्याकडे उन्हाळ्यात रांजणाला ओलं पोतं गुंडाळतात, त्यानं पाणी गार राहतं. मावशींची पोती फाटून गेली होती.

“सायब, ह्ये टाकून द्यायचं असंल तर मला द्या,” त्या म्हणाल्या. “रांजनाला गुंडाळते.”

मला जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. “घेऊन जा,” मी म्हणालो. कुणालाही न विचारता.

तीन आठवड्यांनी पुण्याचं उत्तर आलं. ‘जुना गालिचा कितीही कुजला असला तरी हातचा जाऊ देऊ नका. त्याचा आकार, वीण, कडेची शिवण, बटणांची भोकं, हाच तुमचा नमुना. रंग वरून ठरवू नका. घाण काढून बघा, नाहीतर दाराच्या पट्टीखाली दबलेला तुकडा शोधा.’ पट्टीखालचे तुकडे मीच खरवडून टाकले होते. पत्र घडी करून मी खिशात घातलं.

मिस्त्रींना सांगितलं. ते पाना पुसत म्हणाले, “साहेब कवा येनार?”

“उद्या.”

“मग आजच ताप येऊ दे तुला.”

मी छावणीकडे पळालो. गालिच्याचे विळ्यानं दोन तुकडे करून ते दोन रांजणांना सुतळीनं बांधले होते. पाण्याला दहाबारा माणसं उभी. मावशी गालिच्यावर पाणी शिंपडत होत्या.

“मावशी, तो गालिचा परत पाहिजे.”

त्यांनी हात थांबवला. “कावून? दिलाव की तुमी.”

“चूक झाली माझी. नोकरी जाईल.”

“दिलेलं परत घेत न्हाईत, बाबा,” त्या म्हणाल्या. आतापर्यंत मी साहेब होतो. “न्यायचं तर न्या. पर तुमीच सोडा. माज्या हातानं सोडनार न्हाई मी.”

मी गाठीला हात घातला. रांगेतले एक म्हातारबा तांब्या धरून माझ्या बोटांकडे बघत राहिले. गाठ सैल होती, पण माझ्यानं सुटेना. शेवटी शेडमधून वर्तमानपत्रं आणली आणि गालिचा रांजणावर असतानाच त्याच्यावर कागद लावून आकार गिरवायला लागलो. कागद भिजून फाटत होता. तेव्हा प्रथम मी गालिचा नीट पाहिला. तीन आठवडे पाणी पडून सगळा मळ वाहून गेला होता. गालिचा तपकिरी नव्हता. कडुलिंबाच्या जून पाल्यासारखा गर्द हिरवा होता.

म्हणजे लेखी दिलेलंही खोटं ठरलं.

एवढ्यात जीप वाजली. साहेब एक दिवस आधीच छावणी बघायला आले होते. मी गुडघ्यांवर, हातात ओल्या कागदाचा लगदा. उठायचंही सुचलं नाही. कुणी दिला, कुणाला न विचारता दिला, रंग कसा चुकला, सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगताना त्यांच्या चपलांकडेच बघत होतो.

साहेब खाली बसले. गालिच्यावरून अंगठा फिरवला.

“हिरवाच होता,” ते म्हणाले. “मीबी इसरलो होतो.” मग मावशींना म्हणाले, “पाणी द्या.” तांब्या रिकामा करून मला म्हणाले, “दुसऱ्याची चीज देताना इचारावं.”

“हो, साहेब.”

“छावणी उठंस्तवर राहू दे हितंच. गाडी तवर थांबंल.”

गाडी थांबली म्हणजे माझी ऑर्डरही थांबली. पण तेवढ्या उन्हाळ्यात माझी भीती फक्त एकाच गोष्टीची उरली : छावणी उठेपर्यंत गालिचा कुजून गेला तर? रोज सकाळी जाऊन मी कडेची शिवण बघायचो. मावशींनी सुतळी काचू नये म्हणून तिच्याखाली चिंध्या घातलेल्या मला दिसल्या.

छावणी उठली त्या दिवशी मी लांबच उभा होतो. मावशींनी स्वतः गाठी सोडल्या, दोन्ही तुकडे दगडावर वाळत घातले, झटकून घडी केली आणि माझ्याकडे आल्या.

“तुमी मागितलं तवा मी दिलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “आता मी देते. घ्या.”

मी दोन्ही हात पुढे केले. घडी माझ्या हातांत नीट बसेपर्यंत त्यांनी आपले हात काढले नाहीत.