आबा म्हणायचं नाही!

ऑफिसातले किस्से कोणी जपून ठेवत नाही, ते आपोआप साचतात. आम्ही जळगावच्या एका ठिबक कंपनीच्या हेल्पलाइनवर कामाला. चहाला जमलो की एकाने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी "अर्धं खोटं सांगतोय" म्हणायचं. मी धुळ्याचा, स्वभावाने संशयी. पण गेल्या वर्षी संशय घेण्यासारखं खरंच पुष्कळ होतं.

शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे, नळी तुंबली, फिल्टर गळतोय, त्यावर उपाय सांगायचा, एवढंच काम. एक दिवस आमचे कॉल ऐकून मार्क देणारं सॉफ्टवेअर आलं. शुद्ध मराठी बोललं की स्क्रीनवर हिरवा दिवा, नाहीतर लाल. वर ते आमचे आवाजही 'स्वच्छ' करायचं. पलीकडच्याला आम्ही सगळे एकाच आईची लेकरं वाटायचो!

मी पहिल्याच कॉलला विचारलं, "पानी येतं का?" लाल!

मॅनेजर पुण्याकडचे. त्यांना म्हणालो, "सर, आमच्या घरात पानीच म्हणतात."

"मग घरी पानी प्या. इथे पाणी!"

*

खरा घोळ पुढेच होता. आमच्याकडे वयस्कर माणसाला आबा, नाना, अक्का अशीच हाक मारतात, मग तो कोणी का असेना. सॉफ्टवेअरने अर्थ काढला की ही पोरं दिवसभर नातेवाइकांशी गप्पा हाणतात! माझे सगळे कॉल 'खासगी' ठरले.

"तुम्हाला इतके आजोबा कसे हो?" मॅनेजरांनी मला संशयाने विचारलं.

मग फर्मान निघालं. आबा, अक्का बंद. सर आणि मॅडम म्हणायचं. यापुढे खासगी कॉल सापडला तर नोकरी गेली.

पारोळ्याकडचे एक म्हातारे भडकलेच. "सर कोन? मी काय मास्तर शे का? आबा म्हन!"

मी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणालो, "बरं, आबा."

लाल!

*

माझ्या शेजारच्या टेबलावर रोहिणी. वरणगावची, बौद्ध घरातली. पाटीवर आडनाव नाही, नुसतं 'रोहिणी आर.' फोन करणाऱ्यांना नळीपेक्षा आमचीच चौकशी जास्त. "ताई, तुम्ही कोणापैकी?"

"कंपनीपैकी!" ती ठणकावून सांगायची.

एकदा लाइन बंद होती म्हणून तिने एका शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाइलवरून, स्पीकर लावून, फोन केला. त्याच्याकडे नंबरवरून नाव दाखवणारं अॅप. त्यात आपण सांगितलेलं नाव दिसत नाही, लोकांनी सेव्ह केलेलं दिसतं. तो म्हणाला, "बोला, रोहिणी भीमजयंती कमिटी!"

आम्ही आपापल्या स्क्रीनकडे बघायला लागलो. ती मात्र खळखळून हसली. "बरं झालं, आता कोणी विचारायला नको." त्याच दुपारी तिने पाटीवर पूर्ण आडनाव लिहिलं. मला ती त्या दिवशी फार आवडली, हे सांगूनच टाकतो.

*

राहिला किसन. नवा पोरगा, काही महिन्यांच्या बोलीवर घेतलेला. मार्क चांगले पडले तरच कायम होणार. "मी नाशिकचा," म्हणायचा. त्याचं बोलणं इतकं शुद्ध की मला पहिल्या दिवसापासून संशय. इतकं शुद्ध नाशिकचेसुद्धा बोलत नाहीत!

जेवणाच्या सुट्टीत हा एका कानात इअरफोन घालून जिन्यात बसायचा. मी म्हणालो, "पोरगी आहे." रोहिणी म्हणाली, "दुसऱ्या कंपनीत मुलाखत देतोय."

एके दुपारी इअरफोन निसटला आणि मोबाइल मोठ्याने वाजायला लागला. पावरी! डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात आदिवासी वाजवतात ती. स्क्रीनवर गोल धरून नाचणारी माणसं.

"चुकून लागलं," म्हणत त्याने अंगठ्याने व्हिडिओ सरकवला. पुढचीही पावरी. त्याच्या पुढचीही. मोबाइल माणसाची आवड बरोबर ओळखतो.

"पिंपळनेरच्या पलीकडचा कोकणा आदिवासी ना तू?" मी विचारलं.

"हळू बोल ना भाऊ," तो म्हणाला. "गावी आई एकटी आहे. ही नोकरी टिकली पाहिजे."

*

किसनची मुदत संपताना मॅनेजरांनी सगळ्यांना गोळा केलं. सॉफ्टवेअरने एक आदर्श कॉल निवडला होता, पैकीच्या पैकी मार्कांचा. "कॉल किसनचा. आजपासून तो कायम! ऐका आणि शिका." त्यांनी स्पीकर लावला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?"

पलीकडे म्हातारी बाई. बाजारात बोलतात ती अहिराणी. "साहेब, मना पोऱ्या तठे कामले शे. किसन. त्याना फोन लागस नही."

मग किसनचा तोच 'स्वच्छ' केलेला आवाज.

"मॅडम, ते सध्या दुसऱ्या कॉलवर आहेत. आपला निरोप सांगा."

"निरोप काय... येळवर जेवस का, इतलंच इचारा त्याले."

"हो, मॅडम. जेवतात ते."

"तुम्ही कितलं गोड बोलतस, साहेब! मना किसनले बी अस्सं बोलानं शिकाडा."

"नक्की, मॅडम. आपला दिवस शुभ असो."

रोहिणी खाली बघत होती. किसनकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मॅनेजरांना अहिराणी कळत नव्हती. त्यांचे डोळे स्क्रीनवरच्या हिरव्या दिव्यावर.

"बघा!" ते टाळ्या वाजवत म्हणाले. "आबा नाही, अक्का नाही. अख्ख्या कॉलमध्ये नात्याचा एक शब्द नाही!"