बर्नार्ड तामोरे, उर्फ...?

टाइम ऑफिसमध्ये बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पावसाळ्यात छपरावर शेवाळ धरतं तसे ते आपोआप साचतात. बोईसरच्या आमच्या कारखान्यात मी हजेऱ्या सांभाळतो, आणि शेजारच्या केबिनमध्ये सिक्युरिटी ऑफिसर गावंड बसतात. मूळचे मनोरचे. स्वतःच्या घड्याळावरही त्यांचा विश्वास नाही, रोज मला वेळ विचारतात. आणि मी सांगितली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात!

संगतीनं मीही तसाच झालोय म्हणा. पण आमच्या दोघांच्या संशयाला खरं खाद्य पुरवलं ते एकाच माणसानं. त्याचेच हे किस्से.

* * *

बॉयलरवर नवीन माणूस रुजू होणार होता. किनाऱ्यावरच्या दांडी गावचा, कोळ्याचा मुलगा, अंगानं सुकटासारखा वाळका. गेटपास करायला तो गावंडांसमोर उभा राहिला.

"नाव?"

"बर्नार्ड काशिनाथ तामोरे."

गावंडांनी पेन खाली ठेवलं. "ख्रिश्चन?"

"नाय साहेब. घरात गणपती बसतो आमच्या."

"मग खरं नाव सांग."

"हेच हाय, साहेब."

गावंडांनी माझ्याकडे पाहिलं, मी गावंडांकडे. शेवटी त्यांनी गेटपासवर लिहिलं, 'बर्नार्ड उर्फ', आणि पुढे जागा सोडली. म्हणाले, "कधी ना कधी कळेलच, तेव्हा भरू."

बर्नार्ड आता रिटायरमेंटला आलाय. जागा अजून कोरीच आहे!

* * *

नावामागची गोष्ट बर्नार्डला विचारली की तो एकच वाक्य बोलायचा. "बापूस सांगायचा, दिल्या-घेतल्याचं नाव हाय."

एवढ्यावर गावंडांचं समाधान होतंय होय! एका रविवारी त्यांनी मला स्कूटरवर बसवलं आणि थेट दांडी गाठली. निमित्त ताज्या बोंबलांचं. बर्नार्डची म्हातारी आत्या ओट्यावर जाळं विणत बसली होती.

"वीजकेंद्राचं काम चालू होतं ना, तवाची गोष्ट," आत्या म्हणाली. "बर्नार्ड नावाचा गोरा सायब खाडीच्या चिखलात कंबरंपर्यंत रुतला. भरती येत व्हती. आमच्या काशिनाथनं होडी घातली नि त्याला वढून काढला. मग दोगं दोस्त झाले. सायब जाताना काशिनाथला थर्मास देऊन गेला. पोर झाला तवा त्याला सायबाचं नाव ठेवलं."

"फोटो आहे?" गावंडांनी विचारलं.

"नाय."

"चिठ्ठीचपाटी?"

"नाय रे बाबा. थर्मास हाय." आत्यानं आतून हिरवा, पोचे आलेला थर्मास आणला. बुडाशी खिळ्यानं इंग्रजीत 'बर्नार्ड' कोरलेलं होतं.

परत येताना गावंड बोंबलांची पिशवी सांभाळत म्हणाले, "खिळा कोणाच्याही घरात असतो, जाधव."

* * *

आता हा किस्सा ऐका. बॉयलर हाऊसमध्ये यादव नावाचा नवा हेल्पर होता. एका सकाळी त्यानं घाबरून गेटवर फोन लावला. मागे मशिनचा धडधडाट, आणि यादव ओरडतोय, "साब, बर्नर खतम! एकदम ठंडा पड़ गया!"

गावंडांनी ऐकलं, बर्नार्ड खतम.

पुढच्या काही मिनिटांत ॲम्ब्युलन्सला फोन गेला, कॅन्टीनचं जेवण थांबलं, कोणीतरी हार आणायला धावलं. मी हजेरीत काय लावायचं या विचारात पडलो. माझे डोळे खरंच भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

इकडे बर्नार्ड बंद पडलेल्या बर्नरचा नॉझल आणायला मागच्या गेटनं बाजारात गेलेला. तो स्कूटरवरून पुढच्या गेटला आला. गावंडांनी त्याच्यापुढे हात आडवा केला.

"आत्ता कोणालाही आत सोडणार नाही. आमचा तामोरे वारलाय."

"अवो साहेब, मीच तामोरे!"

गावंडांनी त्याला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाले, "खरं नाव सांग!"

* * *

एकदा लॅबमधल्या केमिस्ट मॅडमनी जेवताना मोबाइलवर शोधून काढलं. म्हणाल्या, "बर्नार्ड हे फार जुनं जर्मन नाव आहे. अर्थ, अस्वलासारखा शूर. या नावाचे संत होऊन गेले, सरदार, नाटककार, डॉक्टर होऊन गेले."

आम्ही सगळे बर्नार्डकडे पाहायला लागलो. अस्वल शांतपणे डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी खात होतं.

"अजून कोण?" गावंडांनी विचारलं.

"एक कुत्र्याची जातही आहे. सेंट बर्नार्ड. बर्फात गाडलेल्या माणसांना हुडकून काढणारी."

गावंड टेबलावर थाप मारून म्हणाले, "बघा! मी म्हणत नव्हतो, यात काहीतरी आहे?"

काय आहे, ते त्यांनाही सांगता आलं नाही. बर्नार्डनं मात्र विचारलं, "मॅडम, तो कुत्रा चिखलातून पण काढतो का वो?"

* * *

यानंतरची गोष्ट हसण्यासारखी नाही.

बर्नार्डच्या मुलीचं, सुवर्णाचं, लग्न जमत आलं. मुलगा सफाळ्याचा. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं. बैठकीला बर्नार्डनं मला आणि गावंडांना आग्रहानं नेलं. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात मुलाच्या काकांनी चष्मा काढला.

"वडिलांचं नाव बर्नार्ड? तुम्ही धर्म बदललेला नाही ना?"

बर्नार्डनं चिखलाची गोष्ट सांगितली. काका गालातल्या गालात हसले. "गोष्ट चांगली आहे. पण आमच्या पाहुण्यांना काय सांगू? असं करा, पत्रिकेत 'भरत' छापा. कोणाला कळत नाही."

मला वाटलं, हा मान डोलावेल. उभ्या आयुष्यात त्यानं कोणाशी वाद घातला नव्हता. पण बर्नार्ड म्हणाला, "नाय जमणार. मंग माझा बापूस खोटा पडतो."

"मग पुरावा द्या. तोवर थांबू."

सोबत आणलेला थर्मास दाखवून झाला. काकांनी तो उलटासुलटा करून परत दिला. आणि मला सगळ्यात लागलं ते हे, की काकांच्या जागी गावंड असते तर तेच बोलले असते, आणि मीही. घरात सुवर्णा बापाशी बोलेना, बाप जेवेना.

* * *

सुवर्णानं मग कोणाला न विचारता एक केलं. वीजकेंद्राच्या बांधकामावर येऊन गेलेल्या परदेशी लोकांच्या मुलानातवंडांचा एक ग्रुप तिला मोबाइलवर सापडला. तिथं तिनं थर्मासचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'हा कोणाचा आहे?'

गावंडांना हे कळलं तेव्हा ते हादरले. "आता बघ पोरी, कोणीतरी गोड बोलेल, मग ओटीपी मागेल!"

ओटीपी कोणी मागितला नाही. उत्तरही आलं नाही. सफाळ्याहून निरोप आला, की दुसरं स्थळ बघतोय.

* * *

गेल्या महिन्यात दुपारी गावंडांचा फोन आला. आवाज दबका. "जाधव, ताबडतोब गेटवर या. एक परदेशी इसम पकडून ठेवलाय. पासपोर्ट बोगस आहे."

गेलो. गावंडांच्या खुर्चीत एक उंच, पांढऱ्या केसांचा गोरा माणूस घामाघूम होऊन बसला होता. पॅन्टला गुडघ्यापर्यंत खाडीचा चिखल. बाहेर रिक्षावाला सांगत होता, "बापाच्या दोस्ताचं घर शोधत दांडीला गेलते, म्हातारीनं इकडं पाठवलं." गोऱ्याच्या मांडीवर हिरवा थर्मास होता. दांडीच्या थर्मासाचा सख्खा भाऊ, फक्त याला पोचे नव्हते.

"नाव वाचा," गावंड म्हणाले. "मला शिकवतोय!"

मी पासपोर्ट हातात घेतला. वाचला. परत वाचला.

बर्नार्डला बोलावणं गेलं होतं. तो हात पुसत आला. गोरा उठून उभा राहिला. "बर्नार्ड?" एवढंच म्हणाला. बर्नार्डनं मान हलवली.

गावंड मध्ये आले. "थांब, तामोरे! हात मिळवू नकोस. आधी हे बघ. थॉमस काशिनाथ! गोऱ्याचं नाव कुठं काशिनाथ असतं? विचार त्याला, खरं नाव काय!"

बर्नार्डनं पासपोर्ट घेतला. एकेका अक्षराखालून बोट फिरवत बापाचं नाव वाचलं. मग वर न बघताच म्हणाला,

"हेच हाय, साहेब."