फार कमी चाललेली गाडी

रविवारी संध्याकाळी अकोल्याहून फोन आला तेव्हा मी अमरावतीला घरी पेपर चाळत पडलो होतो. पलीकडं कुसुमवहिनी होत्या. ‘‘भाऊजी, तुमी निघून या. हे गाडीत हायेत.’’ मला वाटलं, वसंतानं एकदाची गाडी बाहेर काढली आणि कुठंतरी ठोकली. कोणत्या रस्त्यावर, असं मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, ‘‘रस्त्यावर नाई. जिनिंगातच.’’

वसंता माझा कॉलेजातला मित्र. अमरावतीला आम्ही एका खोलीत राहिलो, एकमेकांचे शर्ट घालून हिंडलो. त्याच्या वडिलांचं अकोल्यात कापसातली सरकी काढून रुई करायचं जिनिंग होतं, पुढं ते त्याच्याकडं आलं. कापसाच्या बऱ्या दिवसांत त्यानं मुंबईच्या एका घरातून इटलीची गाडी घेतली. लाल रंग, दोन दरवाजे, लांबलचक नाक, पुढं दोघं बसणार आणि मागं फार तर पिशव्या. ती ट्रकवर चढून आली तेव्हा अख्खी गल्ली पाहायला लोटली. अकोल्याचे खड्डे हिला आठवडाभरात गिळतील, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, तू जळतोस. जळतच होतो.

मग ती वर्षं आली. कापसाला भाव नाही आणि सकाळच्या पेपरात रोज कुठल्यातरी गावाचं नाव. ओळखीचं गाव निघू नये म्हणून मी पेपर मागच्या पानापासून उघडायचो. अशाच एका हिवाळ्यात वसंता मला न्यायला गाडी घेऊन आला. मूर्तिजापूरच्या अलीकडं रस्त्यात अंत्ययात्रा आडवी आली. त्यानं गाडी कडेला घेऊन बंद केली. स्वतःच जीव दिलेला तरणा मुलगा होता. मडकं धरून पुढं चालणारा बाप वर्षानुवर्षं वसंताच्याच जिनिंगात कापूस आणणारा. त्यानं आमच्याकडं पाहिलं आणि मोकळा हात कपाळाशी नेऊन वसंताला रामराम केला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माणसं दूर गेली तरी किल्ली फिरवायला वसंताचा हात धजेना. ‘‘इतका आवाज कावून करते रे ही?’’ एवढंच तो बोलला.

त्यानंतर गाडी रस्त्यावर आली नाही. पुढं जिनिंगही बंद पडलं आणि गाडी तिथल्या रिकाम्या गोदामात गेली. पण उभी राहिली की गाडी मरते, असं तो म्हणायचा. म्हणून दर रविवारी दुपारी तो तिला सुरू करून आत बसायचा. लोकांच्या घरात सुतक असताना आपल्या शौकाचा आवाज गल्लीत जाऊ नये, याची त्याला विलक्षण लाज होती. गोदामाचं लोखंडी दार तो आतून ओढून घ्यायचा आणि फटींमध्ये रुई ठासायचा. दुसऱ्या कोणी चिंध्या कोंबल्या असत्या, ह्याच्याकडं रुईच होती. जिनिंगवाल्याला जन्मभर भीती एकच, ठिणगीची. वाळूच्या बादल्या त्यानं गाडीच्या चारी बाजूंनी भरून ठेवल्या होत्या, उरलेली रुई लांबच्या कोपऱ्यात. आगीची सगळी काळजी घेतली होती. धुराची भीती त्याच्या मनाला शिवलीही नाही. एकदा मीही शेजारी बसलो होतो, तर डोकं जड झालं. पेट्रोलचा वास चढला, चहा घेतला की उतरते, असं म्हणून त्यानं मला समोरच्या टपरीवर नेलं.

शेवटी त्यानं पेपरात जाहिरात दिली: इटालियन गाडी विकणे आहे, फार कमी चाललेली. जो तो यायचा, गाडीजवळ उभा राहून फोटो काढायचा आणि निघून जायचा. मग पुण्याचं एक गिऱ्हाईक ठरलं, सोमवारी येणारं. बॅटरी उतरत चालली होती. ऐनवेळी फजिती नको म्हणून रविवारी त्यानं इंजिन नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू ठेवलं... काही टेन्शन होतं का, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा वहिनींनी त्यांच्यापुढं चिवड्याचा डबा ठेवला. सोमवारच्या पाहुण्यांसाठी वसंतानं सकाळीच करायला लावला होता. तो आपणहून गेला नाही. हे मी ज्याला त्याला सांगत फिरतो.

महिन्याभरानं ते गिऱ्हाईक आलं. वहिनींनी दार सताड उघडायला लावलं. नवी बॅटरी लावल्यावर गाडी सुरू झाली आणि तिचा आवाज त्या गोदामातून पहिल्यांदाच मोकळा गल्लीत गेला. माणसं जमली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टपरीवाले गफूरभाई शेजारी येऊन उभे राहिले, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, हिचा आवाज असा आहे, तुम्हाला आजच कळला असेल.

‘‘आज कायचा?’’ ते म्हणाले. ‘‘दर आयतवारी आयकू ये. आवाज आला का आमी म्हनो, शेठ मजेत हायेत. त्याईले वाटे आमाले मालूम नाई, म्हून आमी बी कदी बोललो नाई.’’ मग खाली पाहत हळूच म्हणाले, ‘‘त्या आयतवारी तर लय वेळ चालू होती... मले बरं वाटलं.’’

गाडी ट्रकवर चढून पुण्याला गेली. वहिनी आता ते दार लावू देत नाहीत. अमरावतीला परतण्याआधी मी गोदामात गेलो. बिजागरीच्या फटीत रुई तशीच होती, धुरानं काळी पडलेली. ती काढायला गेलो तर निघेना, इतकी घट्ट बसवली होती त्यानं. नखांनी ओढावी लागली.